ॲप म्हणतं गाडी आली, पण कुठे? दृष्टिहीन प्रवाशांसाठी शेवटचे दहा मीटर इतके अवघड का?

समजा, संध्याकाळचे सात वाजले आहेत. पुण्यात स्वारगेट एसटी स्थानकाबाहेर एक तरुणी उभी आहे. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात फोन आणि एकाच कानात इअरफोन. दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा ठेवलेला. तिला कोथरूडला जायचं आहे. फोनमधला आवाज सांगतो, "तुमचा चालक पोहोचला आहे."

पण कुठे?

समोरून एकामागोमाग एक रिक्षा जात आहेत. सगळ्यांचा आवाज सारखाच. तेवढ्यात चालकाचा फोन येतो, "मॅडम, समोरच उभा आहे ना मी. दिसत नाही का?"

ती म्हणते, "दादा, मला खरंच दिसत नाही. जरा हाक माराल का?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग फोन कट होतो. थोड्या वेळानं ॲप सांगतं, राइड रद्द झाली आहे.

ही तरुणी कल्पनेतली आहे. तिची अडचण मात्र खरी आहे आणि ती फक्त पुण्यातली नाही. अमेरिकेत याच प्रकारच्या अडचणींवरून कोट्यवधी डॉलरचे दावे झाले आहेत. ब्रिटनमध्ये त्यासाठी वेगळा कायदा आला आहे. भारतातही हा प्रश्न आता न्यायालयाच्या दारात पोहोचला आहे.

हा विषय आत्ता चर्चेत का आहे?

गेल्या काही काळात तीन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात निकाल दिला. दिव्यांगांसाठी सोयीसुविधांचे निकष नुसते 'शिफारस' म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यातले किमान निकष बंधनकारकच हवेत, असं न्यायालयानं सांगितलं.

दुसरी, ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानंच आणखी एक निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. हे प्रकरण बँका आणि मोबाइल कंपन्यांच्या केवायसीबद्दल होतं. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं सांगणारी प्रक्रिया ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि दृष्टिहीन लोक पूर्ण कशी करणार, हा त्यातला प्रश्न होता. याचिकाकर्त्यांमध्ये अमर जैन हे दृष्टिहीन वकील होते.

तिसरी घडामोड थेट आपल्या विषयाची. २०२५ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात रॅपिडो या ॲपबद्दल याचिका आली. हे ॲप दृष्टिहीन व्यक्तींना नीट वापरता येत नाही, ते वापरता येईल असं करायला लावा, अशी ती मागणी. न्यायालयानं त्यावर नोटीस काढली.

म्हणजे टॅक्सी-रिक्षाचं ॲप वापरता येणं हा आता केवळ कंपनीच्या सौजन्याचा विषय राहिलेला नाही. तो हक्काचा प्रश्न झाला आहे. पण ॲप वापरता येणं आणि प्रवास करता येणं, या दोन गोष्टी एकच आहेत का? खरी मेख इथेच आहे.

किती लोकांचा हा प्रश्न आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यातल्या सुमारे ५० लाख जणांना दृष्टीसंबंधी अपंगत्व होतं. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या साडेपाच लाखांहून अधिक होती. हे आकडे जुने आहेत, कारण त्यानंतर जनगणना झालेली नाही.

यात सगळेच पूर्ण दृष्टिहीन नसतात. कुणाला अंधुक दिसतं, कुणाला दिवसा दिसतं पण रात्री नाही, कुणाला समोरचा फक्त एक लहानसा गोल दिसतो. अशा अल्पदृष्टी असलेल्या प्रवाशांची अडचण वेगळीच. त्यांच्या हातात बहुधा पांढरी काठी नसते. त्यामुळे "तुम्हाला तर दिसतंय की" हे वाक्य त्यांना जास्त ऐकावं लागतं.

ॲप येण्याआधी काय व्हायचं?

ॲपमध्ये काय बिघडतं हे बघण्याआधी, त्यानं काय दिलं हे समजून घ्यायला हवं. कारण दृष्टिहीन प्रवाशांना ॲपमुळे मिळालेली मोकळीक खरी आहे.

रस्त्यावर उभं राहून रिक्षा थांबवायची, तर ती रिकामी आहे की भरलेली हे दिसावं लागतं. थांबलीच तर मीटर टाकला की नाही, हे दिसावं लागतं. उतरताना मीटरचा आकडा दिसावा लागतो. रिक्षा नेहमीच्या रस्त्यानं चालली आहे की लांबून, हेही खिडकीबाहेर बघूनच कळतं. दृष्टिहीन प्रवाशाला या प्रत्येक टप्प्यावर अनोळखी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागायचा.

ॲपनं हे बदललं. भाडं आधी कळतं. रस्ता फोनवर नोंदला जातो. घरच्यांना राइडची लिंक पाठवता येते. चालकाचं नाव आणि गाडीचा नंबर हातात असतो. कुणाला तरी सोबत घेऊन निघायची गरज कमी होते. नोकरीच्या मुलाखतीला, दवाखान्यात, मित्राच्या लग्नाला एकट्यानं जाता येतं.

म्हणूनच ही सोय ऐनवेळी कोलमडते तेव्हा ती नुसती गैरसोय नसते. ज्याला बस दिसते, पाट्या वाचता येतात, त्याच्याकडे दुसरा पर्याय असतो. रात्री साडेदहाला अनोळखी भागात उभ्या असलेल्या दृष्टिहीन माणसासाठी तीच एक राइड घरी जायचा रस्ता असतो.

न पाहता ॲप वापरतात कसं?

बहुतेक स्मार्टफोनमध्ये 'स्क्रीन रीडर' आधीपासूनच असतो. अँड्रॉइडवर त्याला टॉकबॅक म्हणतात, आयफोनवर व्हॉइसओव्हर. तो सुरू केला की स्क्रीनवर बोट ठेवाल ते फोन वाचून दाखवतो. एका बोटानं डावी-उजवीकडे सरकवत पुढे जायचं आणि दोनदा टॅप करून निवडायचं. सराव झालेले लोक हा आवाज इतक्या वेगानं ऐकतात की शेजारच्याला एक शब्दही कळत नाही.

पण स्क्रीन रीडर स्वतःच्या मनानं काही सांगू शकत नाही. ॲप बनवणाऱ्यानं प्रत्येक बटणाला नाव दिलेलं असेल, तरच ते वाचलं जातं. डोळ्यांना फोनच्या रिसीव्हरचं चित्र दिसतं आणि कळतं की हे 'चालकाला फोन करा'चं बटण आहे. नाव दिलं नसेल तर स्क्रीन रीडर नुसतं 'बटण' म्हणतो. एका स्क्रीनवर अशी पाच बटणं असली, की त्यातलं कुठलं फोनचं आणि कुठलं राइड रद्द करायचं, हा अंदाजाचा खेळ होतो.

नेहमी अडणाऱ्या जागा साधारण अशा:

नकाशा : बहुतेक ॲपमध्ये गाडी कुठे बोलवायची ते नकाशावरची टाचणी सरकवून ठरवतात. स्क्रीन रीडरसाठी नकाशा म्हणजे कोरा कागद. पत्ता लिहून जागा निवडता आली नाही, तर सगळं तिथेच थांबतं.

मधेच उगवणाऱ्या खिडक्या : सवलतीची जाहिरात स्क्रीनभर येते. ती बंद करायची फुली डोळ्यांना कोपऱ्यात दिसते. स्क्रीन रीडरला ती सापडेलच असं नाही.

न सांगता होणारे बदल : चालक बदलला, गाडी दोन मिनिटांवरून सहा मिनिटांवर गेली, हे स्क्रीनवर गुपचूप बदलतं. ते आवाजात सांगायची सोय मुद्दाम करावी लागते.

गाडीचा नंबर आणि पिन : चार आकडी पिन सुटा सुटा वाचायच्या ऐवजी 'चार हजार सातशे पंचवीस' असा वाचला गेला, की गोंधळ सुरू होतो.

अपडेट : आज नीट चाललेलं ॲप उद्याच्या अपडेटनंतर तसंच चालेल याची खात्री नसते. नवीन डिझाइन येतं आणि जुनी नावं गायब होतात. शिकलेला रस्ता रात्रीतून खोदून ठेवावा, तसा हा प्रकार.

यातली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वेबसाइट आणि ॲप सगळ्यांना वापरता यावीत यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून अधिक स्पष्ट स्वरूपात उपलब्ध आहेत आणि ते वेळोवेळी सुधारले गेले आहेत. भारतानंही आयएस १७८०२ हे स्वतःचं मानक तयार केलं आहे. बटणाला नाव देणं हे प्रोग्रॅमरसाठी काही ओळींचं काम असतं. ते राहून जातं, कारण ॲप तपासणाऱ्यांमध्ये न पाहता ते वापरणारं कुणी नसतं.

मग शेवटचे दहा मीटर का अडतात?

आता धरून चालू की ॲप उत्तम आहे. प्रत्येक बटणाला नाव आहे, राइड बुक झाली, गाडी आली. तरी स्वारगेटच्या त्या तरुणीची अडचण सुटत नाही. कारण ॲपचा सगळा आराखडा एक गोष्ट गृहीत धरतो. शेवटच्या टप्प्यात प्रवासी गाडी डोळ्यांनी शोधेल.

फोनमधलं जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. उंच इमारती, उड्डाणपूल, स्थानकाचं छप्पर आलं की हा फरक वाढतो. डोळस माणूस मान वळवून तो फरक क्षणात भरून काढतो. दृष्टिहीन माणसासाठी 'रस्त्याच्या या बाजूला' आणि 'त्या बाजूला' यात चार पदरी वाहतूक असू शकते.

नंबरप्लेट वाचता येत नाही. गाडीचा रंग सांगून उपयोग नसतो. 'लाल पाटीच्या दुकानाजवळ या' ही खूण कामाची नसते. उपयोगी पडतो तो आवाज. चालकानं नावानं हाक मारली, गाडीतून उतरून चार पावलं पुढे आला, तर काम मिनिटभरात होतं. पण हे त्यानं करावं असं ॲप त्याला सांगत नाही.

उलट ॲपचं घड्याळ चालू झालेलं असतं. गाडी पोहोचली की काही मिनिटांनी प्रतीक्षेचे पैसे लागतात किंवा 'प्रवासी आलाच नाही' म्हणून राइड रद्द करायची मुभा मिळते. गाडी शोधायला वेळ लागणारा माणूस आणि घरात चहा पीत बसलेला माणूस, घड्याळाच्या लेखी दोघं सारखेच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये ॲप-टॅक्सींसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. योग्य कारण नसताना राइड रद्द करणाऱ्या चालकाला भाड्याच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त १०० रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. तसाच दंड प्रवाशालाही आहे. कागदावर हे न्याय्य वाटतं. पण दृष्टिहीन प्रवाशाला गाडी सापडलीच नाही आणि राइड गेली, तर चूक कुणाची धरायची? नोंदीत दिसतं की चालक ठरलेल्या जागी पोहोचला होता. मग दंड उलट प्रवाशाच्याच माथी बसू शकतो.

पैसे देताना काय होतं?

या बाजूला फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

सुरुवातीच्या काळात ॲपची एक मोठी सोय होती. कार्ड किंवा वॉलेट जोडून ठेवलं की पैसे आपोआप कापले जायचे, उतरलं की चालू लागायचं. आता अनेक ॲप रिक्षाच्या राइडमध्ये कमिशन घेत नाहीत. चालक ॲपला ठरावीक शुल्क देतो आणि भाडं प्रवाशाकडून थेट घेतो. उबरनं फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात रिक्षासाठी ही पद्धत आणली. तेव्हापासून पैसे थेट चालकाला द्यायचे, रोख किंवा यूपीआयनं.

चालकांच्या दृष्टीनं यात फायदा आहे. पूर्ण भाडं लगेच हातात येतं. दृष्टिहीन प्रवाशाचं काम मात्र वाढतं. क्यूआर कोड स्कॅन करायचा तर कॅमेरा नेमका त्यावर धरावा लागतो. रोख द्यायची तर नोटा ओळखाव्या लागतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० रोजी मनी नावाचं ॲप आणलं. ते इंटरनेटशिवायही नोट ओळखून आवाजात सांगतं. ते उपयोगी आहे, पण मागे हॉर्न वाजत असताना रिक्षात बसून सुट्या पैशांची एकेक नोट कॅमेऱ्यासमोर धरणं किती जणांना जमेल? शिवाय सांगितलेली रक्कम ॲपवरचीच आहे ना, ही जुनी शंका पुन्हा उभी राहते.

यातून आणखी एक गोष्ट होते. कमिशन नाही, पैसे आमच्याकडे येत नाहीत, आम्ही फक्त चालक आणि प्रवाशाची गाठ घालून देतो, असं कंपनी म्हणू लागली की तक्रारीला उत्तर कुणी द्यायचं हा प्रश्न अधिक धूसर होतो.

'मला दिसत नाही' हे आधी सांगावं की नंतर?

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे, प्रवाशानं आधीच मेसेज करावा : मी दृष्टिहीन आहे, गाडी शोधायला मदत लागेल.

अनेक जण तसं करतातही. पण यात जोखीम आहे. वेळ जाईल, हात धरून न्यावं लागेल, नको ती जबाबदारी, असं वाटून चालक राइडच सोडून देऊ शकतो. म्हणजे सांगितलं तर गाडी जाण्याची भीती आणि नाही सांगितलं तर गाडी न सापडण्याची. शिवाय एकटी प्रवास करणाऱ्या मुलीनं आपल्याला दिसत नाही हे अनोळखी माणसाला आधीच कळवावं का, हा सुरक्षेचा प्रश्नही आहेच.

त्यामुळे ही माहिती कुणाला, कधी आणि किती द्यायची हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाच्या हातात हवा. ॲपमध्ये तशी सोय करता येते. प्रवाशानं एकदा पर्याय निवडून ठेवावा आणि चालकानं राइड स्वीकारून तो जवळ आल्यावरच त्याला संदेश दिसावा : 'प्रवाशाला गाडी शोधायला मदत हवी आहे. पोहोचल्यावर नावानं हाक मारा.' त्यानंतर राइड रद्द झाली तर तिची वेगळी नोंद व्हावी.

भारतातला कायदा काय सांगतो?

कायदा नाही, अशी परिस्थिती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आपल्याकडे आहे. त्यातलं कलम ४१ वाहतुकीबद्दल आणि कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे. कलम ४६ तर स्पष्ट म्हणतं की सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, तिनं नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी करायला हवी. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे ही मुदत २०१९ मध्येच संपली.

कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देशभर चालणाऱ्या कंपनीसाठी १० हजार रुपये म्हणजे काहीच नाही, हे वेगळं सांगायला नको.

अडचण अशी की कायद्याचे हे धागे वेगवेगळ्या हातांत आहेत. दिव्यांग हक्कांचं काम सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिव्यांग आयुक्त बघतात. टॅक्सी-रिक्षा हा परिवहन विभागाचा विषय. ॲप हे तंत्रज्ञान. बटणाला नाव नाही ही तक्रार एका दारी, चालकानं नाकारलं ही दुसऱ्या दारी. आणि दोन्हींच्या मधले दहा मीटर कुणाच्याच यादीत नाहीत.

तरीही एक चावी सरकारच्या हातात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. कलम ९३ नुसार अशा ॲप कंपन्यांना राज्याकडून परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानंही एप्रिल २०२५ मध्ये ॲप-टॅक्सींसाठी धोरण मंजूर केलं. परवाना देताना आणि त्याचं नूतनीकरण करताना अट घालता येते : ॲपची तपासणी दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून करून घ्या, चालकांना प्रशिक्षण द्या, दिव्यांग प्रवाशांच्या रद्द झालेल्या राइडची माहिती द्या. दहा हजारांच्या दंडापेक्षा परवान्याची काळजी कंपनीला नक्कीच जास्त असेल.

इतर देशांत काय झालं?

अमेरिकेत हा वाद प्रामुख्याने मार्गदर्शक कुत्र्यांवरून पेटला. तिथे अनेक दृष्टिहीन लोक प्रशिक्षित कुत्रा घेऊन फिरतात आणि चालक कुत्रा बघून निघून जायचे. २०१४ मध्ये दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय संघटनेनं उबरवर दावा लावला आणि पुढे समझोता झाला. जाणूनबुजून कुत्र्यासह प्रवाशाला नाकारणाऱ्या चालकाला कायमचं काढून टाकायचं, असं कंपनीनं मान्य केलं. तरी २०२१ मध्ये एका लवादानं लिसा आयर्विंग या दृष्टिहीन महिलेला ११ लाख डॉलर देण्याचा आदेश उबरला दिला. तिला १४ वेळा राइड नाकारली गेली होती किंवा त्रास दिला गेला होता. चालक आमचे कर्मचारी नाहीत, हा बचाव तिथे टिकला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं दिव्यांग प्रवाशांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून उबरवर पुन्हा खटला भरला.

भारतात मार्गदर्शक कुत्री क्वचितच दिसतात, त्यामुळे तो वाद इथे तसा लागू होत नाही. पण तिथलं दुसरं प्रकरण आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. गाडी आल्यावर दोन मिनिटांनी लागणाऱ्या प्रतीक्षा शुल्कावर न्याय विभागानं २०२१ मध्ये खटला केला. ज्यांना अपंगत्वामुळे गाडीपर्यंत यायला वेळ लागतो, त्यांना जास्त पैसे लावणं हा भेदभाव आहे, असं म्हणणं होतं. २०२२ मध्ये कंपनीनं २० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचं आणि अशा प्रवाशांना हे शुल्क माफ करण्याचं मान्य केलं. म्हणजे घड्याळ तटस्थ नसतं, हे तिथे मान्य झालं.

ब्रिटन आणखी एक पाऊल पुढे गेलं. तिथे जून २०२२ मध्ये टॅक्सी आणि खासगी भाड्याच्या गाड्यांसाठी नवा कायदा लागू झाला. आपल्याला गाडी ओळखायला आणि शोधायला मदत लागेल, असं बुकिंग करताना दिव्यांग प्रवाशानं कळवलं, तर चालकानं त्यासाठी शक्य ते प्रयत्न करायलाच हवेत आणि त्याचे जादा पैसे घ्यायचे नाहीत. तसं न करणं हा दंडनीय गुन्हा आहे. म्हणजे शेवटच्या दहा मीटरची जबाबदारी कुणाची, हे तिथल्या कायद्यात लिहिलेलं आहे.

तंत्रज्ञानाचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेत वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी धावतात. तिथे हाक मारायला माणूसच नाही. म्हणून प्रवाशाला ॲपवरून गाडीचा हॉर्न किंवा धून वाजवता येते आणि आवाजाच्या दिशेनं गाडीपर्यंत जाता येतं. विनाचालक गाडीला जे सांगता येतं, ते चालक असलेल्या गाडीला सांगायला काय हरकत आहे?

चालकांची बाजू काय?

सगळा दोष चालकावर टाकणं सोपं आहे. पण त्याच्याकडूनही बघायला हवं. स्वारगेटसारख्या ठिकाणी दोन मिनिटं गाडी उभी केली तर मागून हॉर्न वाजतात आणि वाहतूक पोलिसाच्या फोटोची भीती असते. थांबल्याचे पैसे तुटपुंजे. दिवसाचं ॲपचं शुल्क आधीच भरलेलं, त्यामुळे प्रत्येक मिनिट खिशातून जातं. गाडी सोडून प्रवाशाला शोधायला उतरलो आणि गाडीला काही झालं तर?

शिवाय दृष्टिहीन माणसाला मदत कशी करायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. अनेकदा नकार दुष्टपणातून नव्हे, तर गोंधळातून येतो. म्हणून थांबण्याचा जादा वेळ प्रवाशाच्या खिशातून नव्हे, तर कंपनीकडून भरून दिला गेला, तर चालकाला थांबणं परवडेल.

तुम्ही-आम्ही काय करू शकतो?

कंपन्या आणि सरकार बदलेपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

दृष्टिहीन प्रवाशांसाठी : राइड नाकारली गेली किंवा ॲप वापरता आलं नाही, तर तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. आधी ॲपमध्ये लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. केंद्रात मुख्य आयुक्त आहेत.

चालकांसाठी : 'समोर आहे' याऐवजी 'मी हॉर्न दोनदा वाजवतो' किंवा 'मी उतरून येतो, तिथेच थांबा' असं सांगा. ओढत नेऊ नका, तुमचा कोपर धरायला द्या. भाडं आणि पिन मोठ्यानं सांगा. उतरवताना कुठल्या बाजूला उतरायचं आणि समोर काय आहे तेही सांगा.

रस्त्यावरच्या बाकीच्यांसाठी : पांढरी काठी घेतलेलं कुणी फोन कानाला लावून थांबलेलं दिसलं, तर आधी विचारा, "गाडी शोधताय का? नंबर सांगा, मी बघतो." हो म्हणाले तरच मदत करा.

ही माणुसकी हवीच. पण ती व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. रस्त्यावर भला माणूस भेटला तर घरी पोहोचू, नाही तर नाही, या अवस्थेतून बाहेर पडण्यासाठीच तर लोकांनी ॲप हातात घेतलं होतं.

स्वारगेटच्या त्या प्रसंगात नेमकं काय कमी होतं? फोन होता, रिक्षा होती, चालक होता, कायदाही होता. गाडीतून उतरून एक हाक मारणं एवढंच कुणाचं काम नव्हतं. ते कुणाचं तरी काम आहे असं परवान्यावर लिहिणं, हा आता सरकारचा प्रश्न आहे.